रोज बाराच्या आत

एल्वियाच्या फोनमध्ये जागा उरली नव्हती, एवढंच निमित्त झालं. तिची धाकटी बहीण सुल्मा लांब व्हिया तुनारी गावात नदीकाठी खानावळ चालवते. तिनं नव्या पत्र्याच्या छपराचा फोटो पाठवला होता आणि तो काही केल्या उघडत नव्हता. म्हणून बाजारातून बटाटे आणि मिरच्या घेऊन परतताना एल्विया योबानाच्या दुकानात शिरली. आमच्या पुनाता गावात फोनचं काहीही बिघडलं की योबाना. ती फोन दुरुस्त करते, कागदांच्या प्रती काढते, लोकांचे अर्ज भरून देते आणि हे सगळं करता करता गावाची खबरबातही घेते.

दोघी शाळेत एका बाकावर बसायच्या. योबानानं फोन हातात घेतला, बोटानं वर-खाली केलं आणि कपाळाला हात लावला.

“अगं, हा फोन आहे की उकिरडा? कर्ज घ्या, केस उगवा, पोट उतरवा, लॉटरी लागली, घेऊन जा... सगळ्या जगाला तुझीच काळजी पडलेली दिसते. मेल शेवटचा कधी उघडला होतास?”

“तो गेला तेव्हा.”

“मग बस तिकडे स्टुलावर. शिकवते तुला.”

शिकवण्यासारखं फार नव्हतं. नको असलेला मेल निवडायचा, हा स्पॅम आहे म्हणून सांगायचं आणि पाठवणाऱ्यानं पुन्हा तोंड दाखवू नये म्हणून त्याच्या नावापुढे ‘ब्लॉक’ दाबायचं. मग तो काहीही पाठवो, ते आपल्यासमोर येत नाही. मागच्या कप्प्यात जाऊन पडतं आणि काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं.

“त्याला कळतं का, आपण अडवलंय ते?”

“छे. तो आपला बोलतच राहतो. लग्नात अशी सोय असती ना, तर अर्ध्या पुनातानं दाबून टाकलं असतं.”

एल्वियाला हसू आलं. हे काम तिला आवडायला लागलं. केसवाले गेले, कर्जवाले गेले, लॉटरीवाले गेले. एकेकाला ती हाकलत होती आणि कुणी उलटून बोलत नव्हतं. असं बराच वेळ चाललं आणि मग तिचा अंगठा थांबला.

पाठवणाऱ्याच्या जागी नाव होतं रेमबेर्तो विदाउर्रे. विषय रिकामा. तारीख त्याच आठवड्यातली. आत एकच ओळ होती.

जेवायला काय केलंस?

योबानानं वाकून पाहिलं आणि पटकन छातीवर क्रूस काढला. मग स्वतःच ओशाळली. “अगं, घाबरू नकोस. चोर असतात हे. माणूस मरतो, त्याचा पासवर्ड काही मरत नाही. मग हे लोक घुसतात आणि त्याच्या नावानं ओळखीपाळखीच्यांना मेल धाडतात. आज जेवण विचारतील, उद्या बँकेचा नंबर विचारतील. एकच लक्षात ठेव, उत्तर द्यायचं नाही. उत्तर गेलं की त्यांना कळतं, इथं कुणीतरी आहे. मग ते पिच्छा सोडत नाहीत.”

एल्वियाची नजर त्या तीन शब्दांवरून हलत नव्हती.

रेमबेर्तो तिचा नवरा. तिकडे चाकोच्या रानात गॅस काढणाऱ्या कंपनीच्या तळावर जमीन मोजणारा. महिना-महिना घरी नसायचा. तळावर फोनची रेंज नव्हती, पण कचेरीत इंटरनेट होतं, आणि त्यानं लग्नानंतर पहिल्याच खेपेला नियम घालून दिला होता. रोज बाराच्या आत मेल यायला पाहिजे. आज काय शिजवलं, घरी कोण आलं, ती कुठे गेली, कुणाशी बोलली, फाटकाला कडी घातली की नाही. तो तळावर बाराला जेवायला बसायचा आणि जेवता जेवता ते वाचायचा. सगळं मनासारखं असेल तर उलट उत्तर यायचं, ‘बरं.’ नसेल तर महिन्याच्या शेवटी तो घरी आल्यावर कळायचं. आरडाओरडा नाही. तो फक्त बोलायचा थांबायचा आणि ती माफी मागेपर्यंत तिच्याकडे बघत राहायचा, जेवताना, अंथरुणात, चर्चमध्ये प्रार्थनेला जाताना. हात त्यानं कधी उगारला नाही. खालच्या खोलीत राहणारी त्याची आई, दोन्या म्हणजे बाईसाहेब कासिमिरा, हे गावभर सांगायची. पोराचं तेवढं एक भूषण तिनं फार जपलं होतं.

चौदा वर्षं एल्वियानं बाराच्या आत मेल लिहिला. मग एका दुपारी तळावरच्या जेवणाच्या टेबलावर त्याचं हृदय बंद पडलं. गावानं तिचं सांत्वन केलं. किती प्रेम करायचा तुझ्यावर, रोज पत्र लिहायला लावायचा, असा नवरा मिळत नाही, असं बायका तिला मिठी मारून सांगत होत्या. ती मान हलवत राहिली. आता तरी बाराची चिंता नाही, हा विचार त्या मिठ्यांत तिच्या मनात आला आणि त्याची तिला लाजही वाटली नाही.

“दाबू?” योबानानं विचारलं.

“थांब. मी दाबते.”

तिनं दाबलं. आयुष्यात त्या माणसाला ती पहिल्यांदा ‘नाही’ म्हणत होती. ऐकायला तो नव्हताच, पण तिला त्याचं काही वाटलं नाही. फोटोला जागा झाली. सुल्माचं पत्र्याचं छप्पर उन्हात चमकत होतं आणि खाली तिनं लिहिलं होतं, ‘ताई, निरोपाचं उरकलं की निघून ये. मासे तळायला मला माणूस हवंय आणि तुला कपडे रंगीत हवेत.’

निरोपाचं, म्हणजे तिसऱ्या वर्षाचं. आमच्याकडे मेलेलं माणूस तीन वर्षं घरी येतं. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला दुपारी बाराला येतं, मांडलेल्या टेबलाशी बसतं आणि दुसऱ्या दिवशी बाराला जातं. तिसऱ्या वर्षी त्याला वाजतगाजत कायमचा निरोप देतात आणि विधवेच्या अंगावरचे काळे कपडे उतरवतात. त्याआधी जी बाई घर सोडून जाते तिच्याबद्दल गावाला काय बोलावं हे शिकवावं लागत नाही. एल्वियानं दोन वर्षं टेबल मांडलं होतं. हे शेवटचं राहिलं होतं.

दोन-तीन आठवडे शांततेत गेले. एका सकाळी एल्वियानं वरच्या खोलीतले तपकिरी पडदे काढले आणि गुलाबी लावले. तपकिरी रेमबेर्तोच्या पसंतीचे होते, मळ दिसत नाही म्हणून. ती खाली स्वयंपाकघरात आली, शेंगदाण्याचं सूप ढवळलं आणि फोन उघडला. नवा मेल होता. पत्ता वेगळा, नुसती अक्षरं आणि आकडे, पण नाव तेच.

पडदे का बदललेस?

तिच्या हातातला डाव सुपात पडला. खिडकी अंगणाकडे उघडते, रस्त्याकडे नाही. तिनं मागच्या दारातून बाहेर पाहिलं. अंगणात दोन्या कासिमिरा उन्हाला पाठ करून मक्याची कणसं सोलत बसली होती. तिच्याकडे फोन नव्हता, तिला वाचताही येत नव्हतं. वर गुलाबी पडदा बाहेर येऊन भिंतीवर सावकाश आपटत होता.

ती तशीच योबानाकडे गेली. योबानानं मेल वाचला, पुन्हा वाचला.

“पडदे खरंच बदललेस?”

“आज सकाळी.”

“कुणी पाहिलं?”

“कुणी नाही.”

योबाना या वेळी चोरांबद्दल काही बोलली नाही. तिनं दुकानाचं दार लोटून घेतलं. “हा पत्ता अडवला तर तो दुसऱ्या पत्त्यावरून येईल. मी नावच अडवते. ‘रेमबेर्तो विदाउर्रे’ हे शब्द जिथं कुठं असतील ते सगळं तुला न दाखवता थेट कचऱ्यात. तुला कळणारसुद्धा नाही काही आलं होतं म्हणून. चालेल?”

“चालेल.”

“बघ हं. चर्चमध्ये त्याच्या नावाची प्रार्थना असेल, कुणी त्याबद्दल लिहिलं, तेही जाईल.”

“जाऊ दे,” एल्विया म्हणाली. “नाव गेलं तर बरंच.”

योबानानं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि नियम लिहून दिला.

त्यानंतर खरोखरच काही आलं नाही. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. एल्विया पलंगावर आडवीतिडवी झोपायला लागली. तिनं केस थोडे कापले. माळ्यावरून पेटी काढून त्यात एकेक वस्तू टाकायला लागली. बारा वाजून गेल्याचं कधीकधी तिच्या लक्षातही यायचं नाही, आणि आलं की तिला आत कुठंतरी गुदगुल्या व्हायच्या. तिचं वय काही फार नव्हतं. नदीकाठच्या दमट हवेत, तेलाच्या वासात, ओळखपाळख नसलेल्या लोकांना मासे वाढत जगता येईल एवढं आयुष्य अजून उरलं होतं, आणि तिला ते हवं होतं. दुसरं काही तिनं मागितलं नव्हतं.

ऑक्टोबरच्या शेवटी पाव भाजायचा दिवस आला. सासू-सुना भट्टीपाशी बसल्या. दोन्या कासिमिरानं कणकेची शिडी वळली, मेलेल्याला खाली उतरायला लागते ती. मग माणूस वळला, त्याला लवंगांचे डोळे लावले.

“तिसरं वर्ष,” म्हातारी म्हणाली. “नीट करायचं, पोरी. तुला घाई झालीय ते दिसतंय मला. माळ्यावरची पेटी मी पाहिलीय.”

“आई, मी...”

“जा की. मी धरून ठेवतेय का? पण आधी त्याला आत घे, पोटभर जेवू घाल, मग निरोप दे. आत आलेल्यालाच बाहेर पाठवता येतं.” तिनं कणकेच्या माणसाला तोंड काढलं. “माझा पोरगा सरळ होता. दारातून यायचा, दारातून जायचा.”

एल्वियानं भट्टीत लाकूड सारलं. अडवलेल्या नावाची गोष्ट तिच्या अगदी ओठांवर आली होती. पण सांगायची म्हणजे त्यामागचं सगळं सांगायचं, आणि ते या बाईला सांगून काय मिळणार होतं?

पहिल्या तारखेला अकरापर्यंत टेबल मांडून झालं. काळं कापड, उसाची कमान, पावाची शिडी, पावाचा माणूस, सूर्य, चंद्र. मधोमध रेमबेर्तोचा फोटो, इस्त्रीचा शर्ट घातलेला. त्याच्या आवडीची तिखट कोंबडी, शेंगदाण्याचं सूप, चिचाचा, म्हणजे मक्याच्या दारूचा घडा आणि काठोकाठ पाण्याचा पेला. लांबून येणाऱ्याला तहान लागलेली असते. आलेला माणूस दिसत नाही, पण कळतो. पेल्यातलं पाणी बोटभर उतरतं, मेणबत्ती झुकते, ताटावर माशी येऊन बसते. माशीला त्या दिवशी कुणी हाकलत नाही.

चर्चच्या घंटेनं बारा वाजवले. दोन्या कासिमिरानं पुढचं दार सताड उघडलं आणि भिंतीशी हात जोडून उभी राहिली. “ये बाळा,” ती म्हणाली.

काही झालं नाही. मेणबत्तीची ज्योत सरळ उभी होती. पेला काठोकाठ होता. नोव्हेंबरचं ऊन, उघडी कोंबडी, शेजारी चिचाचा गुत्ता, आणि टेबलावर एक माशी नाही. अंगणात माश्या घोंगावत होत्या. उंबऱ्यापर्यंत येत होत्या आणि तिथून माघारी फिरत होत्या.

एल्वियाला पहिल्यांदा जे वाटलं तो आनंद होता. नाही आला. अडवला तर खरंच येता येत नाही. तिनं मान खाली घातली, चेहरा दिसू नये म्हणून.

मग प्रार्थना म्हणणारे यायला लागले. आमच्याकडे त्या दिवशी कुणीही कुणाच्याही घरी शिरावं, मेलेल्याच्या नावानं प्रार्थना म्हणावी आणि पाव, चिचा घेऊन जावं. पहिला आला तो एक म्हातारा, टोपी छातीशी धरून.

“कुणासाठी?”

“रेमबेर्तो विदाउर्रेसाठी,” दोन्या कासिमिरा म्हणाली.

त्यानं डोळे मिटले, घडाघडा सुरुवात केली, आणि नाव घ्यायच्या जागी आल्यावर थांबला. “माफ करा. नाव काय म्हणालात?”

तिनं पुन्हा सांगितलं. तो पुन्हा सुरुवातीपासून म्हणाला आणि त्याच जागी अडला. त्याचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. “वय झालं,” तो पुटपुटला. नाव न घेताच प्रार्थना संपवली, आणि पाव घ्यायचा विसरून निघून गेला.

नंतर दोघी बहिणी आल्या, क्लिसा गावाकडच्या, खणखणीत आवाजाच्या. त्याही त्याच जागी थांबल्या. एकमेकींकडे पाहून अवघडून हसल्या. “दोन्या, नाव पुन्हा सांगता का? आत्ता होतं जिभेवर...” त्यांच्यानंतर पाद्र्याचा मदतनीस आला, तोही. संध्याकाळ होईपर्यंत जो जो आला तो त्या नावापाशी येऊन पाय अडखळावा तसा थांबला. घरात आठवण नव्हती असं नाही. फोटो होता, कोंबडी होती, चौदा वर्षं होती. नुसतं नाव आत येत नव्हतं.

शेवटचा माणूस गेल्यावर दोन्या कासिमिरानं पेल्याकडे बोट दाखवलं.

“काय केलंस तू?”

“काही नाही, आई.”

“पोरी, मी आई आहे त्याची. माझ्या पोराला कुणीतरी वाटेत अडवलंय... उन्हात उभा असेल तो. उपाशी.” मग ती अगदी हळू, जवळजवळ विनवणीच्या सुरात म्हणाली, “तुझ्यासाठी सांगतेय. त्याला चिडवू नकोस. मी त्याला ओळखते.”

एल्वियानं चमकून वर पाहिलं. म्हणजे हिला माहीत होतं. चौदा वर्षं खालच्या खोलीत बसून हिला सगळं माहीत होतं, आणि ही गावभर सांगत फिरली की पोरानं हात उगारला नाही.

“चिडू दे,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं फोन हातात घेतला, नाही असं नाही. नियम पुसायला एक बोट पुरलं असतं. सासू टेबलाशी तशीच बसून होती, रात्रभर हलली नव्हती, आणि तिचा चेहरा पाहून एल्वियाला क्षणभर दया आली. सोडावं आत. जेवेल, पाणी पिईल आणि बाराला जाईल, सगळ्यांचा जातो तसा. पण आत सोडायचं म्हणजे पुन्हा तेच, दार उघडायचं, ताट वाढायचं, त्यानं बघत राहायचं आणि आपण खाली बघायचं. एका दिवसासाठीसुद्धा तिला ते नको होतं. तिनं फोन पिशवीत टाकला आणि पिशवीची चेन ओढली.

बाराला ताशा-बाजा आला. न आलेल्या माणसाला सगळ्यांनी मिळून निरोप दिला. टेबल उचललं, कापड झटकलं, पेल्यातलं काठोकाठ पाणी अंगणात ओतलं. योबानानं एल्वियाच्या अंगावरचा काळा झगा उतरवला आणि पिवळा घातला, डोक्यावर रंगीत कागदाचे कपटे उधळले. “सुंदर दिसतेस,” तिनं कानात सांगितलं, “आता पळ.” लोक नाचले, प्यायले. दोन्या कासिमिरा भिंतीशी बसून होती. तिनं कपटे उधळले नाहीत. अंगणातल्या ओल्या मातीकडे बघत एकदाच म्हणाली, “कुणाला निरोप दिलात रे?” बाजाच्या आवाजात ते कुणी ऐकलं नाही. एल्वियानं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली. कोचाबाम्बाला जाऊन तिनं व्हिया तुनारीची बस धरली. बस भरत होती. सणाहून परतणारी माणसं, करंड्या, टोपल्यांतल्या कोंबड्या. एल्वियाला खिडकी मिळाली. पिवळ्या झग्यावर तिनं शाल घेतली होती. बाहेर ऊन होतं, कुणीतरी संत्री विकत होतं, आणि तिला इतकं हलकं वाटत होतं की रडूच येईल असं झालं. सुल्माला कळवावं म्हणून तिनं फोन काढला. सुल्मा कामात असली की फोन बघत नाही, खानावळीचा मेल तेवढा बघते. म्हणून एल्वियानं मेल उघडला, लिहिलं, ‘निघाले गं,’ आणि पाठवून दिला.

गेला की नाही हे बघायला तिनं पाठवलेल्या मेलचा कप्पा उघडला. त्या कप्प्यात ती कधी गेली नव्हती. नवऱ्याला धाडलेल्या जुन्या मेलशिवाय तिथं काही असायला नको होतं, तो गेल्यावर लिहायला कुणाला होतं तिला?

सुल्माचा मेल वर होता. त्याच्याखाली दुसरा. त्याच्याखाली आणखी एक. बोटानं सरकवत गेली तरी संपेनात. सगळे तो गेल्यानंतरचे, तिच्याच पत्त्यावरून गेलेले, सगळे एकाच माणसाला, रोज एक, आणि प्रत्येक बाराच्या आत.

आज बटाटे आणि मिरच्या आणल्या. योबानाच्या दुकानात गेले होते. ती फार बोलते.

पडदे गुलाबी लावले. तुम्हाला आवडले नसतील तर काढते.

केस कापले. चूक झाली.

पेटी भरतेय. सुल्माकडे जायचं मनात आहे. विचारायला हवं होतं, माफ करा.

तिचीच भाषा होती. छोटी वाक्यं, शेवटी माफी. तिनं यातलं एकही लिहिलं नव्हतं. तिनं आठवून पाहिलं, पुन्हा आठवून पाहिलं. फोन तिच्याजवळच असायचा, उशाशी, पिशवीत, झग्याच्या खिशात. ती सरकवत राहिली, वर, पहिल्या तारखेपर्यंत.

पुढच्या दारानं तुम्हाला आत येता येणार नाही. ते मी अडवलंय. मागच्या दारानं या. वरच्या खोलीत मी एकटीच झोपते.

बसचं इंजिन सुरू झालं. खिडकीची काच थरथरायला लागली. एल्वियानं फोन बंद करायचा प्रयत्न केला, पण अंगठा नीट पडेना. कप्पा आपोआप हलला आणि सुल्माच्या मेलच्याही वर एक नवी ओळ आली. आत्ताच गेलेली.

बसमध्ये बसलेय. डावीकडे, खिडकीशी. शेजारची जागा धरून ठेवली आहे.

ती ओरडली नाही. ओरडून सांगणार कुणाला आणि काय? ‘बरं’ अशी एक ओळ कुठेतरी कचऱ्यात येऊन पडली असेल, तिला न दाखवता, योबानानं लिहून दिलेल्या नियमाप्रमाणे.

बस गच्च भरली होती. माणसं मधल्या वाटेत उभी होती, एकमेकांना रेटत होती. करंडी डोक्यावर घेतलेली एक जाडजूड बाई तिकिटावरचा आकडा वाचत मागे मागे आली आणि एल्वियाच्या रांगेशी थांबली. तिनं आकडा पाहिला, वर लिहिलेला आकडा पाहिला, मग एल्वियाच्या शेजारच्या जागेकडे पाहिलं. तिचा चेहरा एकदम नरमला, कुणा भारदस्त माणसाच्या पायावर चुकून पाय पडल्यासारखा.

“बसा, बसा, साहेब,” ती म्हणाली. “मी उभी राहते. असू दे.”

आणि करंडी सावरत ती मागे गर्दीत शिरली. बस हलली. एल्वियानं मान वळवून शेजारी पाहिलं नाही. पण तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण केव्हापासून अंग चोरून, गुडघे जवळ घेऊन, खिडकीच्या काचेला चिकटून बसलो आहोत.